आईच्या आडनावाने

थोर कलावंताच्या पोटी कलावंत जन्मास आला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: बापाचे काय उचलले? देवळाच्या सभामंडपात उत्सवाची बैठक रंगात आलेली असावी, आणि खांबाला टेकून बसलेल्या जुन्या मंडळींनी गाणाऱ्याच्या पहिल्याच तानेत त्याच्या वडिलांची तान धुंडाळावी, हे आम्ही कितीदा तरी पाहिले आहे. तान सापडली तर माना डोलतात. न सापडली तर सुपारी कातरण्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. अमेरिकेतील पॉप गायिका नोरा जोन्स यांचे नाव निघताच हाच प्रश्न पुढे होतो, कारण त्या पंडित रविशंकरांच्या कन्या. आमच्या मते येथे तो प्रश्नच मुळी चुकीच्या दारी उभा आहे.

नोराबाईंचा जन्म ३० मार्च १९७९ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. जन्मनावात ‘गीताली’ होते, ‘शंकर’ही होते. आई स्यू जोन्स या संगीताच्या जलशांचे आयोजन करीत. पुढे आईवडिलांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि मुलगी आईपाशी टेक्सास प्रांतातील ग्रेपव्हाइन या गावी वाढली. तेथे सतारीची तालीम नव्हती. आईने जमविलेल्या ध्वनिमुद्रिका होत्या आणि त्यांत बिली हॉलिडे या निग्रो गायिकेचा संच होता. मुलीने त्यांतील आपल्या आवडीच्या मुद्रिका पुन्हा पुन्हा लावून ऐकल्या. गुरुमुखातून न मिळालेले शिक्षण कानाने असे घरबसल्या मिळविले. सोळाव्या वर्षी तिने आईवडिलांच्या संमतीने रीतसर नाव बदलले आणि केवळ ‘नोरा जोन्स’ एवढेच ठेवले. पुढे नॉर्थ टेक्सास विद्यापीठात जॅझ पियानोचा अभ्यास करून १९९९ साली तिने न्यूयॉर्कची वाट धरली.

पहिली ध्वनिमुद्रिका २००२ च्या फेब्रुवारीत निघाली. तिची जन्मकथा मोठी बोधक आहे. आरंभी जे मुद्रण झाले, त्यात कच्च्या नमुन्यातील साधेपणा हरवला असे ब्लू नोट कंपनीच्या चालकांस वाटले. म्हणून आरिफ मार्दिन या जन्माने तुर्की असलेल्या जाणत्या संगीत-संयोजकाकडे काम सोपविण्यात आले. त्यांनी पुष्कळसे काढून टाकले आणि आवाज व पियानो पुढे आणला. तो आवाज खालच्या पट्टीतला, किंचित धुरकट, कोठेही घाई नसलेला. दाणेदार तान ऐकण्यास सरावलेल्या कानांना तो प्रथम फिका वाटेल, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु शब्द तालाच्या अंमळ मागे ठेवून नेमका जागी आणून सोडण्याची जी हातोटी तेथे आहे, ती ठायलयीचे मर्म जाणणाऱ्यास परकी वाटू नये. २३ फेब्रुवारी २००३ च्या ग्रॅमी समारंभात या बाईंना पाच पारितोषिके मिळाली. त्याच वर्षी सावत्र बहीण अनुष्का हिचेही नाव ग्रॅमीच्या नामांकनांत होते. अनुष्काने बालपणापासून वडिलांसमोर बसून सतार हाती घेतलेली. एका पित्याच्या दोन कन्या, एक तालमीत वाढलेली आणि दुसरी तालमीवाचून!

येथे पंडितजींच्या स्वतःच्या बालपणाकडे वळावेसे वाटते. त्यांचे वडील श्यामशंकर बॅरिस्टर, परदेशी राहत. रविशंकर काशीत आईच्या छायेत वाढले. वडिलांची भेट झाली तेव्हा ते सुमारे आठ वर्षांचे होते. कुलनाम ‘चौधुरी’ होते, ते श्यामशंकरांनीच गाळले. ‘रवींद्र’चे ‘रवि’ पुढे पंडितजींनी स्वतः केले. विद्या मिळाली ती मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडून, बापाकडून नव्हे. म्हणजे जे नाव कन्येने उतरविले, त्याची घडणही दोन पिढ्यांच्या निवडीतून झालेली होती.

आणि आपण गोमंतकीयांनी तरी या नामांतराचे नवल का करावे? मास्तर दीनानाथांनी पित्याचे आडनाव लावले नाही. मंगेशीचे नाव घेतले आणि ‘मंगेशकर’ झाले. आई येसूबाई कलावंत घराण्यातील. ते नाव आज सर्व हिंदुस्थान आदराने घेतो, पण त्या घराण्यातील मातांच्या नावांची चौकशी आपल्या बैठकींतून कितीशी होते? स्यू जोन्स यांचेही तसेच झाले आहे. वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे नोराबाईंना वडिलांविषयी विचारले. त्या मोजके बोलत, टाळीतही. ज्या बाईच्या घरी ती वाढली, जिच्या ध्वनिमुद्रिका ऐकून कान तयार झाला, तिचा उल्लेख मात्र एका ओळीत उरकला जाई. ही कुचंबणा आम्हांस खटकते.

पितापुत्रींचा दुरावा पुढे निवळला. ११ डिसेंबर २०१२ रोजी पंडितजी कालवश झाले. २०१३ च्या फेब्रुवारीत त्यांचा मरणोत्तर जीवनगौरव स्वीकारण्यास दोन्ही कन्या गेल्या. त्याच वर्षी अनुष्काची नवी ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यातील तीन गाणी नोराबाईंनी गायिली आहेत: सतार अनुष्काची, गाणे इंग्रजी, आणि आवाज तोच, ग्रेपव्हाइनच्या घरात घडलेला.