ठाणे स्टेशन : पाठातलं आणि रोजचं



१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी रेल्वे धावली. अंतर ३४ किलोमीटर, डबे १४. माझ्या चौथीच्या वर्गाला हे तोंडपाठ आहे. पण त्यातलीच एक मुलगी कळव्याला घरी जाताना ठाण्याला जलद लोकलमध्ये चढली. आईला वाचता येत नाही, ती लेकीच्या भरवशावर. कळवा मागे गेलं, दोघी थेट डोंबिवलीला उतरल्या.

"बाई, इंडिकेटर बघायचा असतो हे माहीतच नव्हतं."

चूक माझीच होती. आता मी फळ्यावर आधी इंडिकेटर काढते : गाडी कुठली, जलद की धीमी, किती मिनिटांत. मग १८५३ कडे वळते. तुम्हीही पुढच्या प्रवासात इंडिकेटर मुलांनाच वाचू द्या. वेळ लागला तरी मध्ये बोलू नका.