राजाछाप बिल्ले

माझ्याकडे पहिल्या महायुद्धातली चांदीची अकरा पदके आहेत. याला छंद म्हणायला जीभ रेटत नाही. आमचे आजोबा मेसोपोटेमियात जाऊन आले होते. आजी त्याला ‘बसऱ्याची लढाई’ म्हणायची. त्यांचा बिल्ला थोरल्या बहिणीच्या लग्नात आईने मोडीत दिला, त्याचे पैंजण झाले. मी तेव्हा कॉलेजात होतो. समोर उभा होतो, काही बोललो नाही.

चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रही बेळगावात. त्यामुळे पलटणीत गेलेला माणूस आमच्याकडे नवलाचा नाही. त्या युद्धात १०३ आणि ११० मराठा या पलटणी कुतच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली, पुढे कैदेत कितीतरी शिपाई मेले.

पदकाच्या एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडे उघडाबंब घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही साले. चांदी सुमारे पावणेतीन तोळे. तिथेच घात झाला! मजूर तुकड्यांना हेच पदक ब्राँझचे दिले, ते निदान मुशीत जाण्यापासून वाचले असेल. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. गाव मात्र नाही. त्यामुळे माझ्याकडच्या दहा जणांची घरे मला माहीत नाहीत.

अकराव्याचे घर सापडले. बेळगावच्या एका सराफाने मोड आणणाऱ्याचे गाव सांगितले, आमच्या तालुक्यातलेच. वजनाचे पैसे मोजून पदक घेतले आणि परत द्यायला गेलो. अंगणात शिपायाची नातसून बसली होती.

“गुरुजी, आमीच इकलाय त्यो. दवाखान्याला पैसं नव्हतं.”

मी म्हटले, “पैसे नकोत, ठेवून घ्या.”

“घरात ऱ्हायला तर पुन्यांदा जाईल. तुमच्याकडंच असू दे.” मग थोडे थांबून म्हणाली, “त्येच्यावर काय ल्हिवलंय, तेवढं वाचून दावा.”

मी नंबरासकट वाचले. तिने आतून नातवाला बोलावले आणि मला पुन्हा वाचायला लावले.

चांदीचा भाव चढला की मी बेळगावची एसटी धरतो. गुडघे कुरकुरतात. बायको म्हणते, आता पुरे. परवा त्याच सराफाचा फोन आला, एक आलाय म्हणून. उद्या सकाळच्या गाडीने निघतो आहे.