देवदारांतले मैदान

सिमल्याला जाणारी माणसे सिमल्यालाच जातात. आम्ही कंडाघाटला उतरलो, तेव्हा डब्यातल्या लोकांनी आमच्याकडे असे पाहिले की, जणू हे कुटुंब चुकून उतरते आहे आणि त्याला परत आत ओढून घेणे हे आपले कर्तव्य आहे. एका सरदारजींनी तर माझा होल्डॉल धरूनच ठेवला. "सिमला अजून पुढे आहे जी!" मी म्हणालो, "आम्हांला चैलला जायचे आहे." तेव्हा कुठे त्यांनी होल्डॉल सोडला.

काल्का ते सिमला ही छोटी गाडी १९०३ साली सुरू झाली. शंभराहून अधिक बोगद्यांतून ती अशी वळणे घेत वर चढते की, इंजिनातला ड्रायव्हर आणि शेवटच्या डब्यातला गार्ड यांनी खिडकीतून एकमेकांना तंबाखू द्यावी! बडोगचा बोगदा सर्वांत लांब, अकराशे मीटरांच्या वरचा. त्यात गाडी शिरली की डब्यातली सगळी मुले आरोळी ठोकतात. आमच्या चिरंजिवांनीही ठोकली. मी शिक्षकाच्या सवयीने "हळू!" म्हणालो, ते त्या गोंधळात कुणालाच ऐकू गेले नाही. मोठे बरे वाटले.

खरे सांगायचे तर या प्रवासात मी एक ओझे बरोबर घेऊन आलो होतो, आणि ते होल्डॉलमध्ये नव्हते. आमच्या कॉलेजच्या जिमखान्याचा कारभार दोन वर्षे माझ्या गळ्यात पडला आहे. मराठी शिकवणाऱ्याने क्रिकेटचे काय पाहावे, हा प्रश्न मलाही पडला होता. पण आमच्याकडे ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याला जिमखाना मिळतो. परीक्षा संपता संपता गावातल्या एका धनिक गृहस्थांनी निरोप पाठवला : मैदानावर पॅव्हिलियन बांधून देतो, नवी मॅट देतो, सरावाची जाळी देतो. पॅव्हिलियनला माझे नाव द्या, आणि संघ निवडणाऱ्या समितीत मला एक जागा द्या. जाता जाता असेही कळवले होते की, त्यांचा भाचा आमच्याच कॉलेजात आहे आणि 'गोलंदाजी बरी करतो'. कॉलेज उघडण्यापूर्वी उत्तर द्यायचे होते. पत्र माझ्या खिशात होते आणि मी हिमालयात होतो.

कंडाघाटहून चैल अठ्ठावीस-तीस किलोमीटर. साधुपुलापर्यंत रस्ता खाली नदीकडे उतरतो आणि मग चढू लागतो तो चढतच राहतो. आधी चीड, मग ओक, मग देवदार. देवदारांच्या राईत शिरल्यावर बोलणे आपोआप बंद होते. देवळात जसे आवाज खाली येतात, तसे. आमची सौ. एरवी घाटात डोळे मिटून बसते, इथे तिने डोळे उघडले, आणि म्हणाली, "अहो, ही झाडे उभी राहायला शिकली आहेत. आपल्याकडची नुसती वाढतात."

चैल हे पतियाळाच्या महाराजांचे उन्हाळी ठिकाण. राजगड, पंधेवा आणि सिद्ध टिब्बा अशा तीन टेकड्यांवर ते वसले आहे. राजगडावरच्या राजवाड्यात आता हिमाचल सरकारच्या पर्यटन खात्याचे हॉटेल आहे. त्यामुळे माझ्यासारख्या प्राध्यापकालाही महाराजांच्या दिवाणखान्यात बसून बटाट्याचा पराठा खाता येतो. लोकशाहीचा हा फायदा राज्यशास्त्राच्या पुस्तकांत सहसा सांगत नाहीत.

इथे प्रत्येक टॅक्सीवाला एक गोष्ट सांगतो. महाराजा भूपिंदरसिंगांचे लॉर्ड किचनेरच्या मुलीशी सूत जमले, साहेब संतापला, महाराजांना सिमल्यात पाऊल टाकायची बंदी झाली, आणि महाराजांनी सिमला ज्यावरून दिसेल अशी उंच जागा शोधून चैल वसवले! गोष्ट झकास आहे. अडचण एवढीच की किचनेर आजन्म ब्रह्मचारी होता, तो हिंदुस्थानात आला १९०२ मध्ये, आणि चैलचे क्रिकेटचे मैदान तयार झाले १८९३ मध्ये. त्या वेळी भूपिंदरसिंग दोन वर्षांचे होते! मैदान करवले ते त्यांच्या वडिलांनी, महाराजा राजिंदरसिंगांनी. मी हे आमच्या टॅक्सीवाल्याला सांगितले. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, ती गोष्ट ऐकून लोक खूश होतात. तुमची ऐकून कोण होईल?"

मैदानाकडे पायीच गेलो. आता ते लष्करी शाळेच्या ताब्यात आहे, आत जायला परवानगी लागते. फाटकावरच्या जवानाने आमच्या चिरंजिवांकडे पाहिले, त्याच्या हातातला टेनिसचा चेंडू पाहिला आणि पाच मिनिटे दिली. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसात हजार फुटांवर डोंगराचा माथा कापून, सपाट करून हे मैदान केले आहे. जगातले सर्वांत उंचावरचे क्रिकेटचे मैदान म्हणून त्याची ख्याती आहे. चहूबाजूंनी देवदार प्रेक्षकांसारखे उभे. षटकार मारला तर चेंडू दरीत जायचा आणि शोधायला जाणारा संध्याकाळपर्यंत परत यायचा नाही. मैदानाच्या कडेला उभा राहिलो आणि खिशातल्या पत्राला हात लागला.

कारण आपल्या क्रिकेटचा जन्मच मुळी अशा पत्रांतून झाला आहे. इंग्रज खेळाडूंना पगार देऊन शिकवायला आणणारे राजिंदरसिंगच होते. रणजी संस्थान मिळण्यापूर्वी पतियाळाकडून खेळले. भूपिंदरसिंगांनी तर पैशांचा पाऊसच पाडला. १९११ मध्ये हिंदुस्थानचा पहिला सर्वजातीय संघ इंग्लंडला गेला, त्याचे कप्तान एकोणीस वर्षांचे भूपिंदरसिंग. महाराज मोजकेच सामने खेळले. बाकीचा वेळ दरबार आणि मेजवान्यांत गेला. त्याच दौऱ्यात एका माणसाने ११४ बळी घेतले. तो पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना तीन-चार रुपयांवर खेळपट्टी राखणारा चर्मकार तरुण, पळवणकर बाळू. कप्तानपद ज्याच्याकडे तिजोरी त्याला, आणि घाम ज्याच्याकडे हात त्याला. बाळूंना पुढेही हिंदू संघाचे कप्तानपद मिळाले नाही. त्यांच्या भावाला, विठ्ठलला, ते मिळाले. पण तोवर १९२३ साल उजाडले होते.

१९२८ मध्ये नियामक मंडळ स्थापन झाले, तेव्हा वाटले असेल की, आता खेळ कुणा एकाच्या दाराशी राहणार नाही. पण मंडळाकडे घटना होती, पैसा नव्हता. आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना घटना नको होती. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी विजयानगरमच्या महाराजकुमारांनी, म्हणजे विझींनी, पन्नास हजार रुपये दिले आणि मंडळाने त्यांच्यासाठी 'उप-उपकप्तान' असे एक पद निर्माण केले. व्याकरणातसुद्धा असा समास सहसा सापडत नाही! प्रत्यक्षात ते गेलेच नाहीत. कप्तान झाले पोरबंदरचे महाराज. त्या दौऱ्यातल्या पहिल्या दर्जाच्या सामन्यांत त्यांच्या धावा झाल्या दोन. लोक म्हणत, त्यांच्या रोल्स-रॉइस मोटारी धावांपेक्षा जास्त आहेत. पण या माणसाला मी मनोमन नमस्कार करतो, कारण लॉर्ड्सवरच्या कसोटीच्या दिवशी ते स्वतः बाजूला झाले आणि नागपूरच्या सी. के. नायडूंना त्यांनी संघ मैदानावर नेऊ दिला. आपली योग्यता ओळखणे ही देणगी पन्नास हजारांहून मोठी.

१९३४ मध्ये सिमल्यात मंडळाची सभा भरली. राष्ट्रीय स्पर्धा सुरू करायची, तर तिला करंडक हवा. भूपिंदरसिंग उठले आणि पाचशे पौंडांचा सोन्याचा करंडक त्यांनी देऊ केला. नाव मात्र स्वतःचे नाही : आदल्या वर्षी वारलेल्या रणजींचे. विझींना हे कसे रुचावे? त्यांनीही एक सोन्याचा करंडक पुढे केला, आणि त्याला व्हाइसरॉय लॉर्ड विलिंग्डन यांचे नाव द्यावे म्हणाले. व्हाइसरॉयची पतियाळावर मर्जी नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होते. मंडळाची मान काही काळ त्या बाजूला वळलीसुद्धा. पहिली स्पर्धा चालू, सामने होताहेत, आणि जिंकणाऱ्याने काय उचलायचे ते ठरलेले नाही! शेवटी एल. पी. जय यांच्या नेतृत्वाखाली मुंबई जिंकली आणि दिल्लीत खुद्द विलिंग्डनसाहेबांच्याच हातून त्यांना मिळाला तो रणजी करंडक.

विझींनी हार मानली नाही. १९३६ चे कप्तानपद त्यांनी मिळवलेच. तीन कसोटींतल्या सहा डावांत त्यांच्या धावा ३३. लाला अमरनाथ, म्हणजे १९३३ मध्ये मुंबईत हिंदुस्थानचे पहिले कसोटी शतक काढणारा तरुण, बेशिस्तीच्या आरोपावरून पहिल्या कसोटीपूर्वीच बोटीवर बसवून परत पाठवला गेला. पुढे मुंबईचे सरन्यायाधीश ब्यूमाँट यांच्या समितीने चौकशी केली, तेव्हा कप्तानाला क्षेत्ररचना समजत नव्हती आणि गोलंदाजही योग्य वेळी बदलता येत नव्हते, हे उघड झाले. विझींना त्याच वर्षी 'सर' ही पदवी मिळाली होती. अमरनाथची गेलेली कसोटी मात्र कुणीही परत देऊ शकले नाही.

"बाबा, वेळ झाली," चिरंजीव म्हणाले. जवान खुणा करत होता. परतताना मी सौ.ला विचारले, "दोघांनी पैसा दिला. दोघांना मान हवा होता. मग एकाचा करंडक आजही खेळला जातो आणि दुसऱ्याचे नुसते हसे झाले, असे का?"

ती म्हणाली, "एकाने वस्तू दिली आणि हात काढून घेतला. दुसऱ्याचा हात वस्तूवरच राहिला."

मी वादासाठी म्हणालो, "भूपिंदरसिंगही काही साधू नव्हते."

"नसू देत. पण आहेरावर नाव घालणे वेगळे, आणि आहेर दिला म्हणून नवरदेवाच्या पाटावर बसणे वेगळे."

परतीच्या वाटेवर मुंबईत एक दिवस काढला. चर्चगेटच्या एका अंगाला ब्रेबोर्न आणि दुसऱ्या अंगाला वानखेडे, दोन्ही पायी फिरून पाहिली. ब्रेबोर्नची जागा मिळवताना डी मेलो यांनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्नना विचारले म्हणतात की, सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व? गव्हर्नरांनी अमरत्व घेतले आणि १९३७ मध्ये स्टेडियम उभे राहिले. मालकी मात्र क्लबाची, आणि सामने भरवणार मुंबईची क्रिकेट संघटना. सभासदांनी पैसे घातले म्हणून उत्तम खुर्च्या त्यांच्या; खेळ आमचा म्हणून तिकिटे आम्हांला द्या, असे संघटनेचे म्हणणे. हा तिकिटांचा तंटा वर्षानुवर्षे धुमसला आणि अखेर संघटनेने हाकेच्या अंतरावर स्वतःचे स्टेडियम बांधले. जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली आणि क्लाइव्ह लॉईडने नाबाद २४२ धावा काढल्या. ब्रेबोर्नला पुढची कसोटी पाहायला २००९ उजाडावे लागले. संघटनेचे अध्यक्ष होते शेषराव वानखेडे. स्टेडियमला नाव त्यांचेच. म्हणजे देणगीदार नकोत म्हणून बांधलेल्या घरालाही पाटी लागतेच. एकूण काय, राजे गेले म्हणून दरबार जातो असे नाही. मंडळाच्या खोलीतही सिंहासन मावते. मी स्वतः जिमखान्याच्या खुर्चीत बसतो, तेव्हा ही गोष्ट मला विसरता येत नाही.

त्या रात्री गाडीत मी उत्तर लिहिले. पॅव्हिलियन आनंदाने घेऊ, त्यावर आपले नाव कोरू. परंतु निवड समितीत जागा देता येणार नाही. आपल्या चिरंजीव भाच्याने इतरांबरोबर चाचणीस यावे. प्राचार्यांनी पत्र वाचले, चष्मा काढला, पुसला, आणि एवढेच म्हणाले, "मॅट मात्र फाटलेली आहे हो."

फाटलेलीच आहे. पॅव्हिलियन झाले नाही; जाळीही आली नाही. मुलांनी मॅट सुतळीने शिवली, आणि चेंडू शिवणीवर पडला की कसाही उसळतो. कप्तान दर आठवड्याला माझ्याकडे येऊन काही न बोलता उभा राहतो. त्या न बोलण्याला माझ्याकडे उत्तर नाही.

भाचा चाचणीला आला. मुलगा खरेच बरी गोलंदाजी करतो, पण त्याच्याहून दोघे सरस निघाले. बारावा खेळाडू म्हणून त्याचे नाव लागले. पहिल्या सामन्याच्या दिवशी मैदानाच्या टोकाला एक मोठी मोटार येऊन थांबली. गृहस्थ उतरले, माझ्याकडे न पाहता उन्हातल्या बाकावर येऊन बसले. पाण्याच्या वेळी भाचा बादली घेऊन मैदानात धावत गेला, तेव्हा मामांनी टाळी वाजवली.

डोक्यावर छप्पर नव्हते. मी माझी छत्री नेऊन त्यांना दिली. त्यांनी ती घेतली.