समाधान आणि स्वास्थ्य

जॉन बर्जर यांचे 'अ फॉर्च्युनेट मॅन' हे पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झाले. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायरच्या वनप्रदेशात गावकऱ्यांवर उपचार करणाऱ्या डॉ. जॉन सॅसल यांचे ते चित्रण आहे. सोबत जाँ मोर यांची छायाचित्रे आहेत. व्यक्तिचित्र हा प्रकार शिकवताना आम्हांला या पुस्तकाची हटकून आठवण होते, आणि दर वेळी आम्ही त्याच्या शीर्षकापाशीच थबकतो. भाग्यवान, तो कोणत्या अर्थाने?

बर्जर यांच्या लेखी सॅसल भाग्यवान, कारण जगणे आणि काम यांत त्यांना अंतर उरले नव्हते. झाडाखाली चिरडलेल्या लाकूडतोड्याकडे ते ज्या तत्परतेने धावतात, त्याच तत्परतेने एखाद्या रुग्णाचे मूक दुःखही ऐकून घेतात. मात्र त्यांना वारंवार ग्रासणारे नैराश्यही पुस्तकात आहे. त्यांची पत्नी मजकुरात जवळजवळ दिसतच नाही. पत्नीच्या मृत्यूनंतर, १९८२ साली, सॅसल यांनी आत्महत्या केली.

या शेवटामुळे त्यांचे कार्यसमाधान खोटे ठरते, असे आम्हांला वाटत नाही. समाधान खरेच होते, स्वास्थ्य नव्हते. 'स्वस्थ' म्हणजे आपल्या ठायी असलेला. ज्याच्या दारावर मध्यरात्रीही थाप पडते, त्याला आपल्या ठायी राहायला सवड कोण देणार? 'स्वस्थ बसणे' या प्रयोगात तर आपण आळसाचीच छटा भरून ठेवली आहे.

आपली गौरवाची भाषाही तपासून पाहावी अशीच आहे. २००५ साली सुरू झालेल्या योजनेतील 'आशा' ही गावाच्या आरोग्याची पहिली पायरी. पण सरकारदरबारी ती 'स्वयंसेविका', आणि तिचा मोबदला मुख्यतः कामागणिक. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा सन्मान केला. त्याच्या आदल्याच वर्षी, करोनाच्या साथीत, महाराष्ट्रातील आशांना मानधनासाठी संपावर जावे लागले होते. 'सेवा', 'व्रत', 'त्याग' हे शब्द सत्काराच्या शालीसारखे आहेत: खांद्यावर पडले की मागणे संकोचाचे होते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना 'ज्ञानदान' हा शब्द ऐकताना हेच जाणवत असणार.

म्हणून सेवाव्रतींची चरित्रे वर्गात वाचताना एक साधा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे आम्हांला वाटते: या माणसाची विचारपूस कोण करीत होते? पुष्कळदा त्या जागी पान कोरे सापडते.