वेताळ गावाचा, फ्लॅश दादाचा

आमच्या गावच्या पोरांचा हिरो एकच, वेताळ. मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढलं, त्याचा पहिला अंकच वेताळाचा होता. पुढं ते अंक मराठीतून निघाले आणि जालन्याच्या बाजारातून हिंडत फिरत, कव्हर निघालेले, आमच्या हातात पडायला लागले. एक अंक वीस घरं फिरायचा. शेवटचं पान बहुतेक नसायचंच. मग शेवट ज्याचा त्यानं रचायचा.

वेताळ जन्माला घातला ली फॉक नावाच्या अमेरिकन माणसानं, १९३६ साली. पण तो आम्हाला परका वाटलाच नाही. नाव ओळखीचं, आणि धंदाही ओळखीचा. बाप मेला की लेकानं तोच पोशाख घालायचा, त्याच गुहेत बसायचं, तीच शपथ घ्यायची. अशा एकवीस पिढ्या. शेतकऱ्याच्या पोराला यात काय समजावून सांगायचं? बापाचं वावर लेकाकडं, तशी बापाची गुहा लेकाकडं. जाग्यावरून हलायचं नाही, हीच त्याची ताकद.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, मात्र फ्लॅश गॉर्डन आवडायचा. आमच्याकडं त्याला कोणी विचारत नव्हतं. अंगात मंतरलेली ताकद नाही, तोंडावर बुरखा नाही. घोडा नाही, कुत्रा नाही. नुसता पिवळ्या केसाचा गडी, रॉकेटात बसून परग्रहावर गेलेला. पोरं म्हणायची, "ह्याच्यात काय दम नाय."

दादाला तो भेटला मुंबईत. ७२ च्या दुष्काळात आम्ही सगळे खडी फोडायला जात होतो. मी दहा वर्षांचा, दादा एकोणीसचा. सुकडी खाऊन दिवस काढले, मिलोच्या लाल भाकरीनं तोंडाची चव गेली. त्याच साली दादा गावातल्या दोघांबरोबर मुंबईला गेला आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागला. दिवाळीला आला की पिशवीत मायसाठी लुगडं, बापाला पानतंबाखू आणि माझ्यासाठी इंद्रजालचे अंक. त्यात फ्लॅश असायचाच.

बाप म्हणायचा, "कागदं वाचून पोट भरतं का रं?"

दादा हसायचा. "आबा, ह्यो गडी बी कामालाच गेलाय. लई लांब."

तेव्हा मला ते हसण्यावारी वाटलं. आता दादा नाही. २०२१ साली गेला. त्याची लोखंडी पेटी पुतण्यानं गावी आणून दिली, त्यात बावीस अंक निघाले. पुतण्याकडं फ्लॅशच्या अगदी सुरुवातीच्या गोष्टींचं एक जाड इंग्रजी पुस्तकही आहे. माझं शिक्षण दहावी, तेव्हा पानापानाला त्यानं अर्थ सांगितला आणि मी चित्रं पाहत गेलो.

ॲलेक्स रेमंड या चित्रकारानं ही गोष्ट जानेवारी १९३४ मध्ये वर्तमानपत्रात सुरू केली. मोंगो नावाचा ग्रह पृथ्वीवर येऊन आदळणार असतो. सगळीकडं हाहाकार. झार्कोव नावाचा शास्त्रज्ञ फ्लॅशला आणि डेल नावाच्या पोरीला बळंच रॉकेटात घालतो आणि घेऊन जातो. म्हणजे फ्लॅश हौसेनं गेलेला नाही. घरावर संकट आलं आणि त्याला जावं लागलं. तिथं गेल्यावर परग्रहवासी कोण? तोच! मोंगोवाल्यांच्या नजरेनं उपरा तोच.

त्या मोंगोवर मिंग नावाचा बादशहा आहे. पंख असलेल्या माणसांचं एक राज्य, सिंहासारख्या माणसांचं दुसरं, अरण्यातल्यांचं तिसरं. फ्लॅश काय करतो? एकेकाशी दोस्ती जोडतो. पंखवाल्यांचं शहर हवेत तरंगतं, आणि ते तरंगत राहावं म्हणून खाली भट्ट्या पेटत्या ठेवाव्या लागतात. पंखवाल्यांचा राजा वुल्टन फ्लॅशला कैद करून त्या भट्टीत फावड्यानं रेडियम ढकलायला लावतो. पुढं तोच राजा त्याचा दोस्त होतो.

ते पान पाहून मी बराच वेळ पुढचं पान उलटू दिलं नाही. हीरो आहे, आणि घामानं निथळत भट्टीत फावडं मारतोय. वर शहर झगमगतंय.

दादाच्या खोलीत बारा जण राहायचे, पाळीपाळीनं झोपायचे. कोकणातले, घाटावरचे, एक तेलुगू, दोन उत्तरेकडचे. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांचा संप झाला, अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले. दादाची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. त्यानं भायखळ्याच्या भाजीबाजारात हमाली धरली. ती मिळवून दिली खोलीतल्या त्या तेलुगू माणसानं. दादा गेला तेव्हा खांदा द्यायला त्याची पोरं होती.

आणि इकडं? आमची इहीर खोल केली ती दादाच्या मनिऑर्डरीवर. मोसंबीची कलमं लावली ती त्याच पैशावर. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा टँकरच्या पाण्याला त्यानं आपल्या म्हातारपणाचे पैसे पाठवले. तरी बाग गेली. कुऱ्हाड लावताना मी त्याला फोन केला, तर म्हणाला, "पुन्हा लाव. मी आहे ना."

तो गेल्यावर भावकीतली माणसं मला म्हणाली, "पन्नास वर्ष वावरात पाय ठेवला नाही. पोरांकडून हक्कसोड लिहून घे. राबला कोण? तू."

राबलो मीच, हे खरं आहे. वेताळासारखा एका जाग्यावर बसून राहिलो. पण गुहा शाबूत राहिली ती भट्टीत फावडं मारणाऱ्याच्या जिवावर. मी तलाठ्याकडं गेलो आणि दादाच्या जागी दोन्ही पुतण्यांची वारस नोंद करून घेतली. फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर नावं चढली. भावकीनं महिनाभर बोलणं टाकलं.

इंद्रजाल १९९० साली बंद पडलं. वेताळाचं नाव अजून कोणीही घेतं. फ्लॅशचं नाव काढलं तर आमच्या पारावर कोणी ओळखत नाही. परवा पुतण्या आला होता, जुने अंक आता चांगल्या किमतीला जातात म्हणाला. मी म्हटलं, "बाबा, दोन्ही अर्धे अर्धे वाटून घेऊ. वेताळाचे तू मुंबईला ने. फ्लॅशचे इथं राहू दे, आखाड्यावर."