आधी नख, मग नाव

भाईंदरच्या मुलांना खनिजं शिकवायची तर मी हिऱ्याचं नाव काढत नाही. मिठागरातलं जाडं मीठ ताटलीत ओतते, भिंग हातात देते आणि म्हणते, "यात गोल दाणा शोधा." कडा झिजलेल्या असल्या तरी चौकोनीपणा लपत नाही. मोठा खडा फडक्यात गुंडाळून हलकेच ठोकला, तर त्याचे तुकडेही काटकोनातच पडतात. गारगोटी अशी सरळ फुटत नाही.

"पण मीठ म्हणजे दगड थोडाच?" हा प्रश्न येतोच. दगड नाहीच, खनिज आहे. दगडात बहुधा अनेक खनिजांची सरमिसळ असते. ही व्याख्या मी शेवटी सांगते. आधी सांगितली की मुलं ती पाठ करतात आणि ताटलीकडे बघायचं सोडून देतात.

मिठागरात पाणी आटत जातं, तेव्हा मिठाच्या आधी जिप्सम खाली बसतं. आपल्या शाळांतला खडू बहुतेक जिप्समचाच असतो. 'खडू म्हणजे चुनखडी' असं ज्यांनी कुठे वाचलंय, त्यांना मी खडूवर लिंबू पिळायला लावते. खडू ढिम्म. उत्तनच्या किनाऱ्यावरून आणलेल्या शिंपल्याची पूड मात्र फसफसते. वाचलेल्यावर लिंबानं मात केलेली मुलांना फार आवडते, आणि खरं सांगायचं तर मलाही.

काठिण्याला महागडा संच लागत नाही. नख साधारण अडीच, तांब्याची तार तीन, खिडकीची काच साडेपाच. जिप्समवर नखानं ओरखडा उठतो, गारगोटी उलट काचेलाच ओरबाडते. खनिजशास्त्रज्ञ मोहसनं 1812 साली मांडलेल्या काठिण्याच्या या क्रमात शंखजिरं पहिलं, कुरुंद नववा आणि हिरा दहावा. पण हे नुसते क्रमांक आहेत. कुरुंद आणि हिरा यांच्यात एकाच पायरीचं अंतर दिसतं, प्रत्यक्षात हिरा त्याच्या कितीतरी पट कठीण. चव मात्र फक्त स्वयंपाकघरातल्या मिठाची घ्यायची. अनोळखी खड्याला जीभ लावायची नाही, याबाबत मी कडक आहे.

खरी गंमत उत्तन-डोंगरीला. महाराष्ट्राचा दगड म्हणजे काळा बेसाल्ट, हे मुलांच्या डोक्यात पक्कं असतं. इथे मात्र फिकट ऱ्हायोलाइट आणि ट्रॅकाइट भेटतात. हेही ज्वालामुखीचेच, पण यांच्या लाव्हात सिलिका जास्त. असा लाव्हा चिकट असतो, बेसाल्टसारखा दूरवर पसरत नाही. बेसाल्ट आणि हा फिकट खडा शेजारी ठेवले की "हा खोटा आहे का?" असं कुणीतरी विचारतंच. मी उत्तर देत नाही, भिंग पुढे करते.

मग मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाची सहल. त्याच्या भिंतींत कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळट दगड आहे, तो ओळखायचा निव्वळ नजरेनं. ओरखडे काढायचे खिळे घरी ठेवून या, असं आदल्या दिवशीच बजावावं लागतं; तरी एखाद्याच्या खिशात निघतोच.