प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच का?

पावसाळ्यात प्लेटलेट कमी झाल्याचा रिपोर्ट पाहिला की तुमच्याप्रमाणे माझ्याही मनात पहिलं नाव डेंग्यूचंच येतं. काही वर्षांपूर्वी या सवयीनंच मला चकवलं.

तिशीतली एक बाई, बाळंत होऊन तीन आठवडे झालेले. थकवा, मळमळ, बारीक ताप. प्लेटलेट ४०,०००. मी डेंग्यू धरून सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी तिच्या सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, हिला कालपासून लघवी जेमतेम होतेय, तीही चहाच्या रंगाची." लगेच क्रिएटिनिन तपासलं, ते ४.२ निघालं. संध्याकाळी पॅथॉलॉजिस्टचा फोन आला, "स्लाइडवर तांबड्या पेशींचे तुकडे दिसताहेत."

हा होता अटिपिकल हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, म्हणजे एएचयूएस. आपल्या रक्तात जंतूंशी लढणारी 'कॉम्प्लिमेंट' नावाची प्रथिनं असतात आणि त्यांना आवर घालणारीही असतात. बऱ्याचदा जनुकीय दोषामुळे हा आवर सुटतो. मग बाळंतपण किंवा जंतुसंसर्गाचं निमित्त पुरतं. बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं, तिथे गुठळ्या होतात. त्यात प्लेटलेट खर्ची पडतात, तांबड्या पेशी फुटतात आणि मूत्रपिंडं बंद पडू लागतात. नुसत्या प्लेटलेट चढवून हे थांबत नाही.

त्याच रात्री तिला मोठ्या रुग्णालयात पाठवलं. याच्यासारखाच दिसणारा टीटीपी हा आजार नाही ना, हे तपासलं गेलं. डायलिसिस झालं, प्लाझ्मा बदलला गेला. या आजारावर २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं एक्युलिझुमॅब हे इंजेक्शन आहे, पण त्याची किंमत सामान्य घराला झेपणारी नाही. सुदैवानं महिन्याभरात तिचं डायलिसिस सुटलं. मूत्रपिंडं मात्र पूर्ण सावरली नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या अजून चालू आहेत. माझा गेलेला तो एक दिवस मला आजही टोचतो.

घाबरू नका, हा आजार फार दुर्मीळ आहे. पण प्लेटलेट कमी असतील तर तुमच्या डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा: हिमोग्लोबिनही उतरलंय का? क्रिएटिनिन किती आहे? रक्ताची स्लाइड पाहिली का? आणि लघवी कमी झाली किंवा तिचा रंग बदलला, तर विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा. त्या दिवशी मला योग्य वाट दाखवली ती सासूबाईंच्या त्या एका वाक्यानं.